कोरियातील राखणदार : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील शूर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. प्रतापराव गुजर, संताजी घोरपडे, धनाजी जाधव, दत्ताजी शिंदे यांच्यावरील लेख आपण सर्वांनी मोठ्या आवडीने वाचले आहेत, आणि पुढेही वाचू. तथापि प्रस्तुत लेखकास शाळेत इतिहास शिकविताना एक गोष्ट नेहमी जाणवत असे. पानिपतावर कोण कसा पडला हे मुलांना तोंडपाठ असे. परंतु पानमुनजॉम हे नाव फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होई. वास्तविक या दुसऱ्या ठिकाणीही आपल्याच समाजातील एका सेनानीची कसोटी लागली होती. तेथे त्याला शत्रू असा कोणीच नव्हता, आणि तेवढ्यामुळेच त्याचे काम अधिक बिकट झाले होते. त्या सेनानीचा, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा, परिचय यंदाच्या अंकात करून देण्याचे योजिले आहे.

शंकररावांचा जन्म १९०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात, त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानात झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीचा तो काळ. इंग्रजी अंमलात हिंदी माणसाला फौजेत शिपाई, नाईक, हवालदार, फार तर सुभेदार होता येई. पलटणीवर हुकूम चालविणारा खरा अधिकारी मात्र गोराच असावयाचा. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यावर १९१८ सालापासून इंग्लंडातील सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात दरवर्षी दहा हिंदी तरुणांना प्रवेश देण्याचे ठरले. साऱ्या हिंदुस्थानातून दहा! त्या मोजक्या जागांपैकी एक शंकररावांना मिळाली आणि १९२६ साली ते अधिकारी होऊन बाहेर पडले. कूर्गचे कोदंडेर सुबय्या थिमय्या हेही त्याच वर्षी अधिकारी झाले. या दोघांची नावे पुढे अनेकदा एकत्र घ्यावी लागणार आहेत.

त्यांची नेमणूक १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत झाली. सरकारने १९२३ साली आठ पलटणी निवडून, हिंदी अधिकारी हळूहळू त्यांतच भरावयाचे असे ठरविले होते. त्या आठांतच ही पलटण होती. वरवर पाहता ही प्रगती वाटेल. परंतु हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्यास काम करावे लागू नये, हा हेतू त्यामागे होता हे त्या वेळच्या तरुण अधिकाऱ्यांस पुरते ठाऊक होते. हिंदी माणूस शूर शिपाई होईल, पण युद्धाच्या धुमश्चक्रीत त्याला पलटण हाकता येणार नाही, असे मत इंग्रज वर्तुळात उघडपणे बोलले जाई. थोरात आणि त्यांचे समकालीन यांना वीस वर्षे हे मत डोक्यावर घेऊन चाकरी करावी लागली.

त्या मताचा निकाल १९४५ सालच्या आरंभी ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर लागला. तेथे लढत असलेल्या ५१ व्या हिंदी ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, लायनेल प्रतीप सेन आणि आपले शंकरराव थोरात. ब्रिगेडचा मुख्य मात्र इंग्रज होता. माघार घेणाऱ्या जपानी सैन्याचा रस्ता कांगॉ या गावापाशी तोडावयाचा, अशी ती मोहीम. खाजणे, चिखल, खारफुटीची झाडी आणि मधून मधून उभ्या टेकड्या असा तो मुलूख होता, आणि त्या टेकड्यांवर जपानी चर खणून बसले होते. त्यांपैकी ‘मेलरोज’ असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर थोरातांच्या पलटणीने, म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने, चढाई केली. शेवटचा टप्पा संगिनीने लढावा लागला. तिघाही हिंदी सेनानींना डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळाले. एकाच ब्रिगेडमधील तीन हिंदी पलटण-प्रमुखांचा एकाच लढाईबद्दल असा गौरव पूर्वी झाला नव्हता. जुन्या अर्थाने पराक्रम म्हणावयाचा तो हाच, आणि तो त्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी करून ठेवला होता. स्वातंत्र्यानंतर ते भराभर वर चढले व १९५३ साली मेजर जनरल होते. त्याच साली त्यांच्यावर जे काम येऊन पडले त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

कोरियातील युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले. उत्तरेच्या बाजूस चीन उतरला. दक्षिणेच्या बाजूस संयुक्त राष्ट्रसंघाच्या झेंड्याखाली अमेरिका व इतर राष्ट्रे होती. वर्षभरात दोन्ही बाजू जेथल्या तेथे अडकून पडल्या आणि जुलै १९५१ मध्ये तहाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. सीमारेषेचा प्रश्न पुष्कळसा सुटला. अडले ते युद्धकैद्यांवर. अमेरिकनांच्या ताब्यातील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी म्हणू लागले की, आम्हाला परत जावयाचे नाही. चीन म्हणे, हे तुम्ही धाकाने वदवून घेता. अमेरिका म्हणे, ज्याला जावयाचे नाही त्याला आम्ही ढकलणार नाही. या एका मुद्द्यावर जवळजवळ दीड वर्ष वाटाघाटी खोळंबल्या आणि तेवढा काळ रणांगणावर माणसे मरत राहिली.

हा गुंता सोडविण्याची योजना हिंदुस्थानने राष्ट्रसंघापुढे मांडली व ती डिसेंबर १९५२ मध्ये संमत झाली. ती तयार करणारे गृहस्थ व्ही. के. कृष्ण मेनन होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे याच गृहस्थांशी शंकररावांची गाठ पडावयाची होती. अखेर २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजॉम येथे युद्धविराम झाला. परत जाऊ न इच्छिणाऱ्या कैद्यांसाठी पाच राष्ट्रांचे तटस्थ मंडळ नेमावयाचे, प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाचे प्रतिनिधी भेटून समजावतील, मग त्याने मोकळ्या मनाने काय ते ठरवावे, असा करार झाला. मंडळात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानी हिंदुस्थान. अध्यक्ष झाले जनरल थिमय्या. परंतु मंडळ बैठका घेणार; कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळावयाचे कोणी? ते काम एकट्या हिंदी सैन्यावर सोपविण्यात आले. या सैन्याचे नाव ‘कस्टोडियन फोर्स, इंडिया’, म्हणजे भारताची राखणदार सेना, आणि तिचे सेनापती शंकरराव थोरात.

राखणदारी हा शब्द आपल्या शेतकरी घरांना नवा नाही. पण शेताच्या राखणदाराला निदान धनी कोण हे माहीत असते. येथे माल दोघांचा, भांडण दोघांचे, आणि राखणदारावर विश्वास कोणाचाच नाही, अशी अवस्था होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना हा करारच मान्य नव्हता. जूनमध्ये त्यांनी आपल्या ताब्यातील सुमारे सत्तावीस हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते. हिंदी शिपायाचा पाय दक्षिण कोरियाच्या भूमीला लागू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. यास्तव आपल्या सुमारे सहा हजार जवानांना इंचॉन बंदराबाहेर अमेरिकन जहाजावर घेऊन, तेथून हेलिकॉप्टरने, थोडे थोडे करून, युद्धविराम रेषेवरील निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. हेलिकॉप्टर हे यंत्र त्या वेळी जगालाच नवे होते. या पट्ट्यातील ओसाड माळावर तंबूंची वसाहत उभी राहिली. तिला ‘हिंद नगर’ असे नाव देण्यात आले.

सप्टेंबर १९५३ मध्ये दक्षिणेकडून २२,६०४ कैदी थोरातांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांत चिनी चौदा हजारांहून अधिक, बाकी उत्तर कोरियन. उत्तरेकडून आले अवघे ३५९. त्यांत ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन व एक इंग्रज. म्हणजे एका राखणदार जवानामागे तीन-चार कैदी झाले. हे कैदी काटेरी तारांच्या आवारांत राहत. प्रत्येक आवारात त्यांचेच म्होरके, त्यांचेच झेंडे, त्यांचीच शिस्त. पुष्कळ चिनी कैद्यांनी अंगावर साम्यवादविरोधी घोषणा गोंदवून घेतल्या होत्या; काहींच्या अंगावर त्या बळाने गोंदविल्या गेल्या होत्या. एखाद्याच्या मनात घरी जाण्याचा विचार आला तर तो शेजाऱ्याजवळही बोलण्याची सोय नव्हती. रात्री कुंपणापाशी येऊन, तार चढून हिंदी पहारेकऱ्याच्या पायाशी लोळण घेणे, हाच काय तो मार्ग. तसे करणारे काही निघाले. तसे करू पाहणाऱ्यांपैकी काहींचे आतल्या आत खून झाले.

अशाच एका प्रसंगाने सप्टेंबर अखेर कठीण वेळ आणली. एक चिनी कैदी परत जाण्यासाठी आवारातून निसटून आला. आतल्यांनी त्याला परत मागितले. समजूत घालण्यास गेलेले मेजर ग्रेवाल यांना त्यांनी धरून आत ओढले व ओलीस ठेवले. वार्ता कळताच थोरात तेथे गेले. आवाराबाहेर भरलेल्या बंदुका घेतलेले त्यांचे जवान होते. एक शब्द उच्चारला असता तर पाच मिनिटांत आवार मोकळे झाले असते. मेजर ग्रेवाल बहुधा वाचले नसते, आणि हिंदुस्थानच्या तटस्थपणाचाही तेथेच शेवट झाला असता. थोरात नि:शस्त्र, मोजक्या अधिकाऱ्यांनिशी आत शिरले. भोवती शेकडो संतप्त माणसे, ओरडा, धक्काबुक्की. त्यांनी म्होरक्यांशी बोलणे सुरू केले. चिनी लोक आतिथ्याबद्दल प्रसिद्ध आहेत असे आम्ही ऐकले होते, परंतु आम्ही तुमच्या दारी आलो तरी चहा नाही की सिगारेट नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले व त्यावर गर्दीत हशा पिकला, अशी हकीकत आहे. चहा आला. तासाभरापूर्वी जीव घ्यावयास उठलेली माणसे पाहुणचार करू लागली. ग्रेवाल यांना घेऊन थोरात बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन देण्यात आले. त्यालाच पुढे कीर्तिचक्र असे नाव मिळाले.

मेलरोजची टेकडी चढताना त्यांच्या हातात शस्त्र होते आणि पाठीशी पलटण होती. या आवारात शिरताना दोन्ही बाहेर ठेवावी लागली. या दोहोंत अधिक धैर्य कशास लागले, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखकाचे उत्तर ठरलेले आहे. वाचकांनी आपापले ठरवावे.

याचा अर्थ असा नव्हे की कोरियात हिंदी बंदूक कधी उडालीच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवशी कैद्यांनी कुंपणे मोडून बाहेर पडण्याचा यत्न केला तेव्हा आपल्या जवानांना गोळी झाडावी लागली व त्यांत कैदी मरण पावले. त्यांतील दुसरा दिवस गांधीजयंतीचा होता. गौरवलेखात हा मजकूर कित्येकदा गाळला जातो. तो गाळू नये असे आम्हास वाटते, कारण जो मनुष्य गोळी झाडण्याचा हुकूम देऊ शकत होता त्यानेच एरवी ती आवरून धरली, हे त्यावाचून समजत नाही.

समजावण्याचे काम १५ ऑक्टोबरला सुरू झाले. नव्वद दिवसांची मुदत २५ सप्टेंबरपासूनच मोजली जात होती, त्यामुळे तीन आठवडे आधीच गेले होते. पहिल्या दिवसापासून घोळ. एका आवाराचे कैदी तंबूतच येण्यास नकार देत. दुसऱ्या आवाराचे येत, पण चिनी प्रतिनिधींच्या अंगावर धावून जात, थुंकत, खुर्च्या फेकीत. पोलंड व चेकोस्लोव्हाकिया म्हणत, बळाचा वापर करून कैद्यांना बाहेर काढा. स्वीडन व स्वित्झर्लंड म्हणत, बळ वापराल तर आम्ही मंडळातून निघून जाऊ. निर्णय थिमय्यांच्या एका मतावर येऊन ठेपे, आणि तो निर्णय अमलात आणणे थोरातांच्या माथी. आवारात संगिनी घेऊन घुसले तर किती प्रेते पडतील याचा हिशेब सेनापतीला करावा लागतो. तो करून हिंदुस्थानने बळ न वापरण्याचे ठरविले. उत्तरेच्या रेडिओने आपल्याला अमेरिकेचे बगलबच्चे म्हटले. दक्षिणेच्या वृत्तपत्रांनी साम्यवाद्यांचे हस्तक म्हटले. नव्वद दिवसांपैकी प्रत्यक्ष समजावण्याचे काम जेमतेम दहा दिवस चालले.

मग शेवटी निष्पन्न काय झाले? दक्षिणेकडून आलेल्या २२,६०४ जणांपैकी ६२८ स्वदेशी परतले. ३८ जण ताब्यात असताना मरण पावले, १३ पळाले, ८६ जणांनी तटस्थ देशात जाण्याचे ठरविले, आणि उरलेले २१,८३९ जानेवारी १९५४ मध्ये ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडेच परत देण्यात आले. त्यांतील चिनी फोर्मोसात गेले. उत्तरेकडच्या ३५९ पैकी १० परतले, दोघे तटस्थ देशाकडे आले, ३४७ तेथेच राहिले. हे आकडे पाहून काही टीकाकार म्हणाले की, एवढा खटाटोप करून जैसे थे. शाळामास्तराच्या दृष्टीने पाहता उत्तरपत्रिकेत गुण कमीच पडले म्हणावयाचे. परंतु परीक्षा कशाची होती तेही पाहावे लागेल. सर्व कैद्यांनी एक विशिष्ट उत्तर द्यावे ही अपेक्षा नव्हतीच. त्या १२० दिवसांत कैद्यांच्या प्रश्नावरून युद्ध पुन्हा पेटू नये, ही होती. ते पेटले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून या सेनेच्या वर्तणुकीची वाखाणणी केली.

फेब्रुवारीत आपली सेना परत निघाली. तटस्थ देश मागणारे ते ८८ कैदी तिच्याबरोबरच जहाजाने मद्रासला आले. त्यांतील बरेच पुढे ब्राझील व अर्जेंटिना या देशांत गेले. काही थोडे हिंदुस्थानातच राहून येथलेच झाले. दोन्ही घरे नको म्हणणाऱ्या या माणसांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

थोरातांची पुढील कारकीर्द वाचताना मन खिन्न होते. १९५७ साली ते लखनौ येथील पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, याच्या संरक्षणाचा विचार त्यांच्याकडे आला. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिन्यांशी चकमक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरातांनी एक तपशीलवार टिपण तयार करून वर पाठविले. त्याचा मथितार्थ असा की, चीन हल्ला करू शकतो. अगदी सरहद्दीवर लढाई देण्याइतके रस्ते, पूल व रसद आपल्याजवळ नाही. पुढे फक्त चौक्या ठेवाव्यात, आणि मुख्य लढाई आत, बोमडिलासारख्या ठिकाणी, जेथे आपला पुरवठा पोचतो व शत्रूचा ताणला जातो, तेथे द्यावी. त्यासाठी किती फौज व किती सामग्री लागेल हेही त्यांनी मांडले. लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी ते संरक्षणमंत्र्यांकडे नेले. संरक्षणमंत्री आता कृष्ण मेनन होते. कोरियाच्या प्रश्नावर ज्यांच्या बुद्धीने तोड काढली त्यांना हे टिपण घाबरटपणाचे वाटले. थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौस ‘लाल किला’ नावाचा नकाशावरील युद्धाभ्यास भरवून तेच पुन्हा दाखवून दिले. उपयोग झाला नाही.

थिमय्यांनी आपल्यामागे लष्करप्रमुखपदी थोरातांची शिफारस केली होती. १९६१ साली ते पद जनरल थापर यांना देण्यात आले व मे महिन्यात थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. नेफात जे घडले ते सर्वांस विदित आहे. पराभवानंतर पंडितजींनी थोरातांना बोलावून घेतले. ते टिपण आपल्याला तोपर्यंत दाखविण्यातच आले नव्हते असे त्या भेटीत उघड झाले, हे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेण्यात आले. आपल्यातील एखादा चुलता ओरडून सांगत असता कोणी ऐकत नाही, आणि विहिरीत बैल पडल्यावर त्यालाच दोर आणावयास पाठवितात, तशातला हा प्रकार. त्या भेटीतही थोरातांनी कडवटपणा दाखविल्याची नोंद नाही.

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांचे मित्र थिमय्या पुढे सायप्रसमधील राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे सेनापती झाले व तेथेच डिसेंबर १९६५ मध्ये निवर्तले. थोरातांना दीर्घायुष्य लाभले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ या नावाने १९८६ साली प्रसिद्ध झाले. १० ऑगस्ट १९९२ रोजी, शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस कमी असता, त्यांचे निधन झाले.

आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणाचे आजोबा अथवा पणजोबा १९५३-५४ साली या सेनेबरोबर कोरियात गेले असतील, तर त्यांची पत्रे, छायाचित्रे किंवा हिंद नगरातील एखादी वस्तू घरच्या ट्रंकेत असण्याचा संभव आहे. ती मंडळाच्या कार्यालयात दाखविण्यास आणावी. नक्कल करून घेऊन मूळ वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल, आणि मिळालेला मजकूर पुढील वर्षीच्या अंकात घेता येईल.